शॉट बघितला म्हणतो, पण बघतो भलताच : एआय असिस्टंटला स्क्रीनशॉट दाखवताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

परभणीच्या नव्या मोंढ्यात एका आडत दुकानाला मी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर करून दिलंय. शेतकऱ्याचा माल उतरला, सौदा झाला, काटा झाला की त्याच्या हातात पट्टी पडते: कट्टे किती, क्विंटल किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, आधीची उचल किती वळती केली. कोड लिहायला मी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, चालणारा एआय असिस्टंट वापरतो. दसरा झाला, सोयाबीनच्या गाड्या मोंढ्यात लागल्या आणि मुनीमकाकांचा फोन आला.

“साहेब, हे काय छापायलंय तुमचं मशीन? क्वटिंल म्हणजे काय असतंय?”

मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. मॉनिटरचा, मोबाइलने काढलेला, तिरका, अर्ध्या पडद्यावर ट्यूबलाइटची तिरीप, कोपऱ्यात चहाचा कप. पण ‘क्वटिंल’ मात्र स्वच्छ दिसत होतं.

तो क्विंटल दुरुस्त करायला शेवटी अर्धा तास लागला. त्याआधीच्या तीन संध्याकाळी गेल्या त्या असिस्टंटला हे चित्र नीट दाखवण्यात. नंतर हीच अडचण मला अजून दोनदा आली, दर वेळी वेगळ्या कारणाने, आणि दर वेळी असिस्टंटचं उत्तर तेच: “शॉट बघितला, सगळं बरोबर आहे.” म्हणून एकदा बसून लिहून काढतोय.

कोडमध्ये चूक नसते, म्हणून तर शॉट लागतो

आधी हे सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल की चित्र कशाला दाखवायचं, कोड वाचायला द्या की. दिला होता.

युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात. कम्प्युटरच्या लेखी ‘क्विंटल’ म्हणजे क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार, ट, ल, याच क्रमाने. दाखवताना क आणि व जोडायचे, वेलांटी उचलून त्या जोडाक्षराच्या आधी नेऊन ठेवायची, हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या वेगळ्या इंजिनाचं असतं. क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी हार्फबझ वापरतात, त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसतं. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक लायब्ररी (तयार कोडचे संच) हे काम करतच नाहीत. आल्या क्रमाने आकृत्या मांडून मोकळ्या होतात. मग क चा पाय मोडलेला दिसतो, वेलांटी व च्या पुढे पडते आणि वाचणाऱ्याला ती ट ची वाटते. झाला क्वटिंल.

आता गंमत बघा. परभणी जिल्ह्यात तालुके ९. त्यातली परभणी, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड आणि पालम ही सात नावं या भानगडीतून सहीसलामत सुटतात, कारण त्यांत ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही. मोडतात फक्त दोन: जिंतूर वेलांटीपायी आणि पूर्णा रफारापायी. मी माझ्या चाचणीच्या पट्ट्यांवर सगळीकडे सेलू घातलं होतं. दुसरं काय होणार?

असिस्टंटने कोड वाचला, डेटाबेस वाचला आणि सांगितलं की मजकूर बरोबर आहे. खोटं नव्हतं ते. मजकुरात क्विंटल क्विंटलच आहे, बिघडलंय ते फक्त कागदावरचं चित्र. म्हणजे त्याला चित्र दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिली संध्याकाळ : फाइल सापडत नाही

माझ्याकडे विंडोज ११ आहे, त्याच्या आत डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्स, आणि असिस्टंट राहतो उबुंटूत. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की शॉट पिक्चर्सच्या आतल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात जातो, हे वर्षानुवर्षांचं पाठ. तो पत्ता टंकून दिला. उत्तर आलं, अशी फाइलच नाही.

अशा वेळी पहिला संशय डब्ल्यूएसएलवर जातो आणि तो अगदीच चुकीचा नसतो. विंडोजची सी ड्राइव्ह उबुंटूच्या आत ‘एमएनटी’ फोल्डरखाली लहान ‘सी’ म्हणून दिसते, आणि विंडोजच्या पत्त्यातल्या उलट्या तिरक्या रेघा इथे सुलट्या लागतात. पण हे असिस्टंटला माहीत असतं, बहुतेकदा तो पत्ता स्वतःच बदलून घेतो. माझी गोची दुसरीकडे होती. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीचा बॅकअप चालू असला की पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डराच्या आत जातो. एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला ‘पिक्चर्स’ पूर्वीसारखंच दिसत राहतं, त्यामुळे घर बदललंय हे आपल्या गावीही नसतं. आपण पाठ केलेला जुना पत्ता सांगत बसतो.

म्हणून पत्ता आठवून सांगू नका. त्या फाइलवर राइट क्लिक करून ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ घ्या आणि जसाच्या तसा चिकटवा, अवतरणचिन्हांसकट. चिन्हं काढायची नाहीत: नावात मोकळी जागा आणि कंस असतात, आणि टर्मिनलमधल्या शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामला, कंसाचा अर्थ वेगळा लागतो.

क्लिपबोर्डाचंही तसंच. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून कापलेला तुकडा विंडोजच्या क्लिपबोर्डात जातो. डब्ल्यूएसएलमधल्या टर्मिनलात तो चिकटवायला गेलात तर काहीच येत नाही, किंवा नुसती ओळ पुढे सरकते. टर्मिनल मजकूर घेतं, चित्र घ्यायचं असेल तर त्या असिस्टंटने तशी सोय केलेली असावी लागते. मी चिकटवण्याचा नाद सोडला. फाइल दिली की नंतर तीच फाइल पुन्हा दाखवता तरी येते.

माझा मावसभाऊ छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात नोकरीला आहे, त्याच्याकडे मॅक. त्याने सांगितलेला प्रकार ऐकून मी आधी हसलो होतो. तो फाइलचं नाव बघून हुबेहूब टंकायचा, अक्षरन्‌अक्षर जुळायचं, तरी फाइल नाही. कारण मॅकवरच्या शॉटच्या नावात वेळ असते, आणि वेळ बारा तासांच्या घड्याळात असेल तर ‘पीएम’च्या आधीची मोकळी जागा साधी नसते. ती अरुंद, न तुटणारी जागा असते, युनिकोडमधलं वेगळंच चिन्ह. वेळ लिहिण्याच्या नियमांत ती आली युनिकोडच्या सीएलडीआर ४२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच, कम्प्युटरला मात्र वेगळ्या. उपाय दोन: फाइल ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडायची, म्हणजे खरं नाव येतं, नाहीतर मॅकचं घड्याळ २४ तासांचं करायचं, म्हणजे ‘पीएम’ही नाही आणि ती जागाही नाही. त्याने घड्याळ बदललं. आता घरी कोणी वेळ विचारली की “अठरा वाजून दहा” म्हणतो.

दुसरी संध्याकाळ : फाइल सापडते, पण जुनीच

ही खरी डोकेदुखी, म्हणून इथे जरा सावकाश जातो.

दर वेळी पत्ता चिकटवायचा कंटाळा आला म्हणून मी असिस्टंटला सांगून टाकलं: हा स्क्रीनशॉटचा फोल्डर, यातला सगळ्यात नवीन शॉट बघत जा. पीडीएफ उघडली, शॉट घेतला, म्हटलं बघ. तो म्हणाला, “शॉट बघितला. ‘क्विंटल’ शब्द व्यवस्थित दिसतोय, वेलांटी योग्य जागी आहे.” मी पडद्याकडे बघतोय तर समोर क्वटिंल. कोड बदलायला लावला, परत शॉट. परत व्यवस्थित. असं चार वेळा. पाचव्या वेळी मी त्याच्याशी चक्क भांडलो, तर तो माफी मागून म्हणाला, हो, आता मला अक्षरं तुटलेली दिसताहेत! म्हणजे आधी दिसत नव्हती आणि मी आवाज चढवल्यावर दिसायला लागली.

तिथे मला पहिल्यांदा शंका आली, की हा बघतोय तरी काय?

विचारलं, बघितलेल्या फाइलचं पूर्ण नाव सांग. म्हणाला, स्क्रीनशॉट (९९). मी त्या वेळी स्क्रीनशॉट (१२८) वर होतो.

कारण कळल्यावर हसावं की रडावं कळेना. विंडोज या शॉटना कंसात अनुक्रमांक देतो. असिस्टंटने फोल्डरातली यादी नावाच्या क्रमाने घेतली आणि शेवटची फाइल ती नवीन असं धरलं. नावाचा क्रम म्हणजे एकेक चिन्ह ताडून लावलेला क्रम. त्यात १२८ मधला १ हा ९९ मधल्या ९ च्या आधी येतो, म्हणून १२८ आधी आणि ९९ शेवटी. शंभरी ओलांडली की ९९ तळाला जाऊन बसतो, पुढे तुम्ही पाचशे शॉट घ्या. आणि आपल्याला हे दिसत का नाही? कारण विंडोजचा एक्सप्लोरर नावांतले आकडे आकडे म्हणून वाचतो आणि १२८ बरोबर शेवटी दाखवतो. म्हणजे एकच फोल्डर मला एका क्रमाने दिसत होता आणि त्याला दुसऱ्या.

मग ९९ मध्ये क्विंटल बरोबर कसा? तो शॉट मी आदल्या आठवड्यात ब्राउझरमधल्या पानाचा घेतला होता. ब्राउझरमध्ये अक्षरजुळणी होते. बिचारा खरं बोलत होता, फक्त दुसऱ्याच कागदाबद्दल.

यावर उपाय म्हणजे सूचना नेमकी द्यायची: फाइल बदलल्याच्या वेळेनुसार यादी लाव, सगळ्यात अलीकडची उचल, आणि आधी तिचं नाव आणि वेळ मला सांग. बहुतेक असिस्टंट प्रोजेक्टच्या फोल्डरात एक सूचनांची फाइल वाचतात, तिच्यात मी मराठीतच लिहून ठेवलंय: “मी ‘शॉट बघ’ म्हणालो की शॉट फोल्डरातली वेळेनुसार सगळ्यात नवी फाइल उघड. काही करण्याआधी फाइलचं नाव, वेळ आणि चित्राची लांबी-रुंदी सांग. मग चित्रात दिसणारा पट्टी नंबर वाचून दाखव. फाइल पाच मिनिटांपेक्षा जुनी असेल तर थांब आणि मला विचार.” मराठी सूचना त्याला नीट कळतात, उगाच इंग्रजीत कसरत करायची गरज नाही.

पट्टी नंबर का, तर तो दर पट्टीला बदलतो आणि माझ्या डोळ्यासमोर असतो. तुमच्याकडे असं काही नसेल तर पूर्ण पडद्याचा शॉट घ्या आणि टास्कबारच्या घड्याळात किती वाजलेत ते विचारा. मोंढ्यात कट्टा ठेवायच्या आधी शेतकरी काट्यावरचं शून्य बघतो की नाही? तसं आहे हे. आणि घड्याळ वाचता आलं नाही, तर तीही एक बातमीच आहे. त्याचं पुढे.

तिसरी संध्याकाळ : बरोबर फाइल, तरी वाचन चूक

आता फाइल १२९, वेळ दोन मिनिटांपूर्वीची, पट्टी नंबर बरोबर. आणि तरी उत्तर: क्विंटल व्यवस्थित.

इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. पहिली साधी आहे. मॉडेलकडे, म्हणजे असिस्टंटच्या मागे चालणाऱ्या एआयकडे, जाण्याआधी मोठं चित्र लहान केलं जातं. क्लॉड या एआयच्या बऱ्याच मॉडेलांत लांब बाजू १५६८ पिक्सेलच्या वर गेली की चित्र आधी आटवतात, बाकीच्यांचीही आपापली मर्यादा असते. १९२० बाय १०८० चा पूर्ण पडदा दिलात तर १४ पिक्सेल उंचीचं अक्षर ११ वर येतं. फोर-के मॉनिटर असेल तर सगळं निम्म्याहूनही लहान. इंग्रजी अक्षर तेवढ्यात वाचता येतं. आपल्याकडे मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, हलन्त. आटलेल्या चित्रात सगळ्यात आधी पुसलं जातं ते हेच. म्हणून पूर्ण पडदा देऊ नका, हवा तेवढाच भाग कापून द्या. ६०० बाय २०० चा तुकडा आहे तसा पोचतो.

दुसरी गोष्ट मला कळायला वेळ लागला. मॉडेल अक्षर वाचतं तसं शब्द ताडतंही. सोयाबीनच्या पट्टीवर आकड्याच्या पुढे ‘क्व’ने सुरू होणारा, ‘ल’ने संपणारा शब्द म्हणजे क्विंटलच असणार, असं त्याला वाटतं आणि तो तेच वाचतो. आपण तरी काय वेगळं करतो? मुद्रितशोधन करताना स्वतःच्याच लेखातली चूक दहा वेळा वाचूनही सुटते ती याचमुळे. त्यात मी प्रश्नही असा विचारत होतो: “क्विंटल नीट आला का?” उत्तर त्याच्या तोंडात घालूनच विचारलेला प्रश्न.

मग प्रश्न बदलला. “तिसऱ्या ओळीत आकड्याच्या पुढच्या शब्दात ट च्या आधी लगेच काय काढलेलं आहे? पहिल्या अक्षराखाली पाय मोडलेला दिसतो का?” लगेच सांगितलं, हो, हलन्त दिसतोय आणि वेलांटी ट ला चिकटलेली आहे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ब्राउझरमधला तुकडा आणि पीडीएफमधला तुकडा एकाच चित्रात एकाखाली एक ठेवायचे आणि फरक विचारायचा. किंवा चाचणीच्या पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी अर्थच नसलेली अक्षरं घालायची, ‘र्किक्विट्टि’ वगैरे. अर्थ नाही म्हटल्यावर ताडणार काय? अक्षर बघावंच लागतं.

मोबाइलने काढलेल्या मॉनिटरच्या फोटोबद्दल फार लिहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं आणि पडद्याच्या फोटोवर लाटांसारख्या रेघा येतात. माणसाला पुरतो, मॉडेलला नाही. दुकानातून फाइल मागवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि फोटो आयफोनचा असेल तर तो बहुधा एचईआयसी प्रकारचा असतो, तो बरेच असिस्टंट घेत नाहीत. पीएनजी किंवा जेपीजी करून द्या.

मग क्विंटल दुरुस्त कसा झाला

चूक काय ती दिसल्यावर असिस्टंटने स्वतःच सुचवलं, की जुळणी न करणारी लायब्ररी सोडा आणि ब्राउझरच्याच छपाईतून पीडीएफ काढा. खिडकी न उघडता चालणारा क्रोमियम ब्राउझर उबुंटूत बसवला. पहिला निकाल: सगळीकडे रिकामे चौकोन! क्षणभर वाटलं, आगीतून फुफाट्यात. पण चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, एवढंच. डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूला विंडोजचे फॉन्ट आपोआप मिळत नाहीत. नोटो सान्स देवनागरी बसवला आणि क्विंटल, जिंतूर, पूर्णा तिन्ही जागेवर आले. असिस्टंट स्वतः ब्राउझर उघडून शॉट घेत असेल आणि मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील, तर कोडला हात लावू देऊ नका, आधी फॉन्ट बघा. माझ्या त्याने त्या चौकोनांपायी चांगला चाललेला कोड दोनदा उलटापालटा केला होता.

आणि यातून सगळ्यात कामाची गोष्ट हाती लागली. पीडीएफसाठी पडद्याचा शॉट घ्यायचीच गरज नाही. पॉपलर नावाच्या संचात पीडीएफच्या पानाचं थेट चित्र करणारं साधन आहे, ते असिस्टंट स्वतः चालवू शकतो. आमची पट्टी ए-५ आकाराची. १५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० ठिपके धरून, तिचं चित्र ८७४ बाय १२४० होतं, म्हणजे आटवायची वेळच येत नाही. मी हौसेने आधी ३०० ठेवलं होतं: १७४८ बाय २४८०, म्हणजे पुन्हा आटलं. जास्त डीपीआय म्हणजे जास्त स्पष्ट, हे छापखान्यात खरं, इथे नाही.

काळं चित्र, नुसता वॉलपेपर आणि बाकीचे किरकोळ प्रकार

असिस्टंटला स्वतः पडद्याचा शॉट घेऊ दिलात तर हे दोन प्रकार हमखास येतात. मॅकवर शॉटमध्ये फक्त वॉलपेपर दिसतो, बाकी खिडक्या गायब. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅक त्यासाठी स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतो, आणि ती द्यायची असते तुमच्या टर्मिनलला, कारण असिस्टंट त्याच्या पोटात चालतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या पानावर जाऊन टर्मिनलच्या नावापुढचं बटण चालू करा, मग टर्मिनल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसती खिडकी मिटून चालत नाही.

लिनक्सवर अख्खं चित्र काळं येत असेल तर बहुधा वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारी नवी व्यवस्था. त्यात एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी परस्पर वाचता येत नाही, जुन्या एक्स-११ साठी केलेली साधनं काळा चौकोन देतात. डेस्कटॉपचं स्वतःचं शॉटचं साधन वापरा. आणि उबुंटू मराठीत लावलेलं असेल तर पिक्चर्स फोल्डरचं नावही मराठीत असू शकतं. असिस्टंट मात्र इंग्रजी नाव धरून शोधत बसतो.

फोल्डर कोणता उघडायचा

असिस्टंटला अख्खा डेस्कटॉप किंवा अख्खा पिक्चर्स फोल्डर वाचायला देणं सोपं असतं, आणि मी आधी तेच केलं होतं. मग एकदा त्या फोल्डरात काय काय आहे ते नीट बघितलं. बायकोच्या आधारकार्डाचा फोटो, बँकेच्या पानाचे शॉट, दुकानातल्या शेतकऱ्यांचे खातेनंबर, एका शॉटमध्ये उघडं पडलेलं व्हॉट्सअ‍ॅप. मॉडेल आपल्या मशीनवर चालत नाही, बघितलेलं चित्र कंपनीच्या सर्व्हरवर जातं. त्यामुळे आता प्रोजेक्टच्या आतच ‘शॉट’ नावाचा फोल्डर आहे आणि परवानगी तेवढ्याचीच. दाखवायचं ते मी स्वतः कापून तिथे टाकतो. पडद्यावर हवं तेव्हा नजर टाकायची मुभा मी त्याला दिलेली नाही, कितीही सोयीचं असलं तरी.

चित्रातला मजकूर त्याला सूचना वाटू शकतो, हेही लक्षात असू द्या. शॉटमध्ये कोणाच्या ईमेलमधलं “ही फाइल काढून टाका” असं वाक्य आलं तर ते तुमचं की त्या ईमेलवाल्याचं, यात त्याची गल्लत होऊ शकते. निदान फाइली पुसायच्या कमांडला तरी दर वेळी विचारायला लावा.

प्रोजेक्टच्या आत फोल्डर ठेवलात तर तो गिटच्या (कोडमधले बदल नोंदून ठेवणारं साधन) दुर्लक्ष यादीत घालायला विसरू नका. मी विसरलो. १४ शॉट कमिट झाले, म्हणजे त्या नोंदीत गेले, त्यातल्या दोनांत शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर. पुढच्या कमिटमध्ये ते काढले, पण गिटच्या इतिहासात ते तसेच राहतात, तिथून काढायला इतिहासच पुन्हा लिहावा लागतो. रिपॉझिटरी, म्हणजे त्या नोंदींचा साठा, खाजगी होती आणि त्यात मी एकटाच, म्हणून निभावलं.

चाचणीच्या पट्ट्यांवर आता पहिली दोन नावं जिंतूर आणि पूर्णा असतात. मुनीमकाकांना नवी पट्टी पाठवली तर त्यांचा परत मॉनिटरचाच फोटो आला, या खेपेला चहाच्या कपाशेजारी पोह्यांची बशी.

“आता बराबर छापायलंय बघा. पण हे खालचं अक्षर लई बारीक पडायलंय, साहेब. म्हाताऱ्या माणसाला दिसंना गेलंय.”

पीडीएफ काढली, शॉट फोल्डरात टाकली आणि असिस्टंटला विचारलं, पट्टी नंबर काय दिसतोय?